तारप्याचा फेर आणि निषेधाचे गाणे

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेला आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघून वासिंदला थांबलेला, असे किसान सभेचे दोन्ही लाँग मार्च कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यात आले. कसणाऱ्याच्या नावे वनजमीन व्हावी, ही दोन्हींतली एक प्रमुख मागणी होती. २०१८च्या मोर्चात दिवसभर उन्हातून चाललेली माणसे रात्री मुक्कामावर तारप्याच्या सुरावर नाचली, आणि या नाचाला केवळ करमणूक म्हणणे चुकीचे ठरेल.

तारपा म्हणजे वाळवलेल्या दुधी भोपळ्यात बांबूच्या नळ्या बसवून आणि टोकाला ताडपानांचा कर्णा लावून केलेले वाद्य. वाजवणारा गाल फुगवून, श्वास तुटू न देता ते फुंकत राहतो आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून बायका-पुरुष फेर धरतात. या फेराला रंगमंच नाही, समोर बसलेला श्रोताही नाही. निषेधगीताचा अभ्यास करणारे बहुधा शब्दांपाशीच थांबतात, मात्र इथला विरोध शब्दांइतकाच या फेरात असतो.

अर्थात शब्दांचीही परंपरा जवळच आहे. जानेवारी १९४५ मध्ये शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले, आणि त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठीला, म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने कराव्या लागणाऱ्या फुकट श्रमाला, नकार दिला. त्याआधी वर्षभर, १९४४ साली, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले होते. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा ठेवला, मात्र गणातल्या, म्हणजे आरंभीच्या वंदनातल्या, गणपतीच्या जागी मातृभूमी आणि श्रमिक आणले. जुने भांडे लोकांच्या हातातले असल्यामुळे नवा आशय त्यात सहज उतरला.

जर्मन पंकने नेमका उलटा मार्ग धरला. पंक म्हणजे १९७०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत रुजलेले, मोजक्या सुरावटींचे, मुद्दाम कर्कश ठेवलेले गाणे. गोडवा हीच तडजोड, असे मानणारे. हाम्बुर्गच्या ‘स्लाइम’ या वाद्यवृंदाने तिथल्या एका युद्धस्मारकावरच्या देशभक्तीच्या ओळी उलटवून एक गाणे रचले, आणि पुढे बर्लिनमधल्या एका सभेत ते ध्वनिवर्धकावरून वाजवल्याबद्दल एका माणसाला राष्ट्राच्या बदनामीच्या आरोपाखाली शिक्षा झाली. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये हे गाणे कला आहे असे ठरवून ती रद्द केली. न्यायालयाने या संदर्भात कवी हाइनेच्या १८४४च्या विणकरांवरील कवितेचाही दाखला दिला.

त्या गाण्याची तबकडी होती, रचणाऱ्यांची नावे होती, म्हणून खटला झाला आणि निकालही लागला. मोर्चात जुन्या चालीवर जागच्या जागी जोडलेल्या कडव्याला यातले काहीच नसते. ते फेराबरोबर सुरू होते आणि फेर मोडला की विरते. म्हणूनच शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी ही कडवी गाणाऱ्याचे गाव, मोर्चाचे साल आणि चाल यांच्या नोंदीसह वहीत उतरवून घ्यावीत.