देश, कोकण आणि आजीची विहीर

आमच्या हॉस्टेलवर दर उन्हाळ्यात एक भांडण ठरलेलं असतं. माझी रूममेट बार्शीची आणि मी अलिबागजवळच्या मांडव्याची. ती म्हणते, "तुमचं काय बाई, कोकणात पाणीच पाणी!" मी म्हणते, "मग मे महिन्यात आमची आजी हंडा घेऊन शेजारी का जाते?" त्या भांडणातूनच हा लेख निघाला. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा भाषेच्या चुका पोटात घाला.

शाळेत 'कोस्टल प्लेन', 'वेस्टर्न घाट्स' आणि 'डेक्कन प्लॅटो' अशी तीन नावं पाठ केली की पाच मार्क पक्के. आजी चौथी शिकलेली, पण तिच्याकडे चार शब्द होते: खलाटी, वलाटी, घाटमाथा आणि देश. खलाटी म्हणजे समुद्राकाठची सखल पट्टी, वलाटी म्हणजे तिच्या मागचा, सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतचा चढता भाग. मला वाटायचं, हे गावठी शब्द! सेकंड इयरला जिऑलॉजी आलं तेव्हा कळलं, यालाच नैसर्गिक विभाग म्हणतात.

जिल्हा-तालुके माणसं ठरवतात. आमचा कुलाबा जिल्हा १९८१ साली रायगड झाला, पण म्हणून एकही डोंगर जागचा हलला नाही. नैसर्गिक विभाग पाडताना जमिनीचा उंचसखलपणा, खालचा खडक, माती, पाऊस असं सगळं बघतात. हर्बर्टसन या भूगोलतज्ज्ञाने १९०५ मध्ये सगळ्या जगाचे असे विभाग मांडले. स्पेट यांनी १९५४ च्या ग्रंथात भारतीय उपखंडाचे आधी तीन मोठे भाग केले: पर्वत, गंगा-सिंधूचं मैदान आणि द्वीपकल्प. मग एकेकाचे तुकडे. १९७१ मध्ये रा. ल. सिंग यांच्या संपादनाखाली भारताच्या प्रादेशिक भूगोलाचा मोठा ग्रंथ निघाला.

हिमालय आणि मैदान वेगळं काढणं सोपं. एकीकडे घड्या पडलेले खडक, दुसरीकडे नद्यांनी आणलेला गाळ. गंमत पुढे आहे. देश आणि कोकण वेगळे कशावरून? खडकावरून म्हणाल तर फसाल! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याचाच काळा कातळ बार्शीलाही आहे आणि मांडव्यालाही. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग याच बेसॉल्टचा. म्हणजे इथे खडक एकच, पण रूप वेगळं. देशावर हे थर जवळजवळ आडवे आहेत, तर पनवेलच्या आसपास ते पश्चिमेकडे कलतात. याला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. मध्ये सह्याद्रीची भिंत. उलट खाली सिंधुदुर्गात जा. तिथे बेसॉल्ट संपतो, त्याहून कितीतरी जुने खडक आणि वर जांभा लागतो, तरी ते कोकणच!

म्हणजे खडकाची रेघ एकीकडे आणि भूरूपाची दुसरीकडे. मग खरी कुठली? मी हेच सरांना विचारलं. सर म्हणाले, "तुला विभाग कशासाठी पाडायचाय, ते आधी सांग."

मला उत्तर घरीच मिळालं. आमची सुपारीची वाडी पुळणीच्या मागे, वाळूच्या पट्ट्यावर. तिथे एक उथळ विहीर, पूर्वी रहाट होता. चार वर्षांपूर्वी बाबांनी बोअर मारली. बोअरवाला देशावर काम केलेला. म्हणाला, "पाणी कमी वाटलं तर अजून खोल जाऊ." दीडशे फूट गेले. दोन वर्षं चांगली गेली, तिसऱ्या मे महिन्यात पाणी खारट! सुपारीची पानं करपायला लागली, आणि आजीचा हंडा शेजारी जायला लागला.

बोअरवाला लबाड नव्हता. त्याचं ज्ञान दुसऱ्या विभागाचं होतं. बार्शीकडे घट्ट कातळात पाणी भेगांमधून असतं, खोल गेलं तर एखादी भेग लागते. आमच्याकडे वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. साधं फ्लुइड मेकॅनिक्स आहे. गोड्या पाण्याची घनता १०००, समुद्राच्या पाण्याची साधारण १०२५. हिशोब केला तर समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत ते खाऱ्याला दाबून धरतं. पण वरची पातळी उपसून १ मीटर उतरवलीत, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४० मीटर वर यायला बघतं! प्रत्यक्षात वाळूखाली लवकरच कातळ लागतो, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण दिशा हीच. देशावर खोल जाणं हा उपाय, खलाटीत तोच रोग.

आजीला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "अगं, रहाट हळूहळू पाणी काढायचा, म्हणून पाणी गोडं राहायचं. एवढ्यासाठी कॉलेजात गेलीस होय?"

आता आम्ही बोअर बंद केलीय. विहिरीतला गाळ काढला, छोटी मोटर सकाळी तासभरच लावतो. गेल्या मे महिन्यात पाणी थोडं मचूळ होतं, पण बाग उभी राहिली. चिंता मात्र संपलेली नाही. मांडव्याला मुंबईहून बोटीने तासाभरात येता येतं, त्यामुळे आजूबाजूला बंगले वाढतायत आणि त्यांच्या बोअरही. कंपाउंड प्रत्येकाचं वेगळं असलं तरी वाळूतलं पाणी सगळ्यांचं एकच आहे.

आपल्यातले बरेच जण उद्या साइटवर जातील. तिथे नकाशा मिळेलच, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, इथल्या जमिनीला तुम्ही काय म्हणता? पुळण, खाजण, माळ, वलाटी... प्रत्येक शब्दामागे तिथे काय चालतं आणि काय चालत नाही, हे दडलेलं असतं.

आणि हो, रूममेटशी भांडण अजून चालूच आहे. फक्त आता ती विचारते, "तुमच्या विहिरीचं पाणी कसंय गं?"