शाळेच्या वेळापत्रकात कामाचा एक दिवस

दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला क्षेत्रफळाचे सूत्र तोंडपाठ असते. पण घरच्या वावराला खत किती लागेल, असे विचारताच तो निरुत्तर होतो. विद्या आणि काम यांची अशी फारकत झाली म्हणजे मुलाचे मन शेतीत रमत नाही व हाती दुसरा धंदाही येत नाही. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन केलेला खर्च मग वाया गेल्यासारखा वाटतो.

हा दोष जुनाच आहे. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९६६ साली कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. तथापि पुष्कळ शाळांत कार्यानुभव हा वेळापत्रकातील केवळ एक तास होऊन राहिला.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापून निराळी वाट धरली. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करावयाचे, असा तेथून शाळांत गेलेला क्रम आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य हे त्याचे चार विभाग. शिकविण्यास गावातीलच कुशल कारागीर घेतले जातात. गावाच्या गरजेची कामे विद्यार्थी मोबदला घेऊन करतात. त्यामुळे काम चोख करावे लागते व हिशेबही अंगवळणी पडतो.

अशा कामाने पुस्तकी अभ्यास मागे पडत नाही, उलट पक्का होतो. उदाहरणार्थ, ६० मीटर लांब व ५० मीटर रुंद वावर मुलांनी टेपने मोजले, तर क्षेत्र ३,००० चौरस मीटर, म्हणजे ३० आर भरते. हेक्टरी १०० किलो नत्र द्यावयाचे असल्यास या वावरास ३० किलो नत्र लागेल. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणून सुमारे ६५ किलो युरिया पुरे. क्षेत्रफळ, प्रमाण व शेकडेवारी हे तिन्ही धडे एकाच बांधावर शिकून होतात, आणि जादा खताचा खर्चही वाचतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मुख्याध्यापकांस भेटून अशा कामाची आखणी करून द्यावी. माती नमुने घेणे, बियाण्याची उगवणशक्ती तपासणे, बीजप्रक्रिया करणे यांपासून आरंभ करता येईल. शेतकरी बंधूंनी आपले एखादे वावर आठवड्यातून एक दिवस मुलांसाठी खुले ठेवावे. मुलींनाही या प्रत्येक कामात बरोबरीने घ्यावे. मुलगा वा मुलगी पुढे कॉलेजात जावो की शेतावर राहो, हातचे कौशल्य दोन्हीकडे उपयोगीच पडेल.