घरचा कॉम्प्युटर मंदावला तर काय करावे?



आज आपल्या बऱ्याच सभासदांच्या घरी कॉम्प्युटर आहे. पोरांचा अभ्यास, डिजिटल सहीचा ७/१२, बँकेचे व्यवहार अशी कामे त्यावर चालतात. तो एकाएकी मंद चालू लागला, न मागता जाहिराती उघडू लागल्या, ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलले, तर नको ते प्रोग्रॅम आत शिरल्याची दाट शंका घ्यावी. उसाला हुमणी लागली की पिवळे पडते पान, पण कीड असते मुळाशी. इथेही तसेच आहे.

ही कीड येते कोठून? बहुधा फुकटच्या किंवा चोरीच्या सॉफ्टवेअरमधून. न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत गेले की एकाबरोबर आणखी दोन-तीन प्रोग्रॅम येतात. ते गुपचूप चालू राहून मेमरी खातात. काही तर आपण टाइप केलेला पासवर्डही टिपून घेतात. ज्या खात्यात ऊसबिल जमा होते त्याचाच तो पासवर्ड असला, तर वर्षाची मेहनत धोक्यात!

म्हणून उपाय क्रमाने करावेत :

१) शंका येताच त्या मशीनवर बँकेचे काम बंद ठेवा. महत्त्वाचे कागद व फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. प्रोग्रॅमच्या फाइली मात्र घेऊ नका.

२) सेटिंग्जमधील अ‍ॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढा. खात्री नसेल तर आधी जाणकाराला विचारा.

३) ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स काढा. नको त्या साइटना दिलेली नोटिफिकेशनची परवानगीही रद्द करा.

४) कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअप यादीतले अनावश्यक प्रोग्रॅम बंद करा.

५) विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस मुळातच असतो. त्याचा फुल स्कॅन करा. तरीही कीड निघाली नाही, तर ऑफलाइन स्कॅन करा. त्यात विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, म्हणून किडीला लपायला जागा राहत नाही. साधारण १५ मिनिटे लागतात.

६) मशीन साफ झाल्यावरच त्यावर पासवर्ड बदला. आधी बदललात, तर नवाही चोराच्या हाती जाईल. घाई असेल तर दुसऱ्या चांगल्या मशीनवरून बदला.

इतके करूनही त्रास राहिला, तर कागद उतरवून विंडोज नव्याने टाकणे उत्तम.

पडद्यावर ‘व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे आले तर बिलकूल फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० वर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

मंदपणाचे कारण दर वेळी कीडच असते असे नाही. डिस्क भरली असेल किंवा जुनी हार्ड डिस्क थकली असेल. तिच्या जागी एसएसडी बसवली की जुने मशीनही चांगले पळते. विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

बेणे घेताना आपण डोळा पारखून घेतो. प्रोग्रॅम घेतानाही तीच नजर ठेवावी, एवढीच विनंती.