जुनी मोटारसायकल : आधी कागद, मग किक

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आपला छोटा व्यापारी, शिंपी, सुतार, प्लंबर आणि फेरीवाला यांच्या रोजीचा मोठा आधार आज मोटारसायकल आहे. लोकलगाडी नेरळ, कर्जत, पळसदरी, खोपोलीपर्यंत नेऊन सोडते. परंतु कशेळे, कडाव, चौक, वावोशी आणि त्यापलीकडच्या वाड्यांपर्यंत माल पोहोचवायचा तर स्वतःची गाडी हवी. नव्या गाडीत भांडवल अडकवण्यापेक्षा जुनी गाडी घ्यावी आणि उरलेला पैसा मालात घालावा, हा विचार व्यापाराच्या दृष्टीने चुकीचा नाही. मात्र सौदा झाला, किल्ली हातात आली, म्हणजे गाडी आपली झाली असे जे समजले जाते, ते धोक्याचे आहे. गाडी खऱ्या अर्थाने आपली केव्हा होते आणि ती धंद्याला उपयोगी कशी राहते, याविषयी आम्ही येथे थोडे लिहीत आहोत.

माल पारखून घ्या

आम्ही कापडाचे व्यापारी. ताग्याची वरची घडी पाहून कोणी माल उचलत नाही. चार घड्या उलगडतो, उजेडात धरतो, काठ पाहतो. गाडीलाही हाच नियम लावावा. नवा रंग आणि चकाकणारी टाकी ही वरची घडी आहे.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असले पाहिजे. आधीच तापवून ठेवलेली गाडी लगेच चालू होते आणि दोष झाकला जातो. थंड इंजिन चालू करून सायलेन्सरकडे पाहा. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे, म्हणजे पिस्टन-रिंगचे किंवा व्हॉल्व्ह सीलचे काम निघणार असे समजावे. गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक उचला आणि हँडल दोन्हीकडे फिरवा. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला आहे. मागून उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते पाहा. नसतील तर गाडी कुठेतरी आपटलेली असण्याची शक्यता आहे. टायरवर चार आकडी छाप असतो. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर कडक होऊन भेगाळते आणि ओल्या रस्त्यावर घसरते.

आपल्या भागात आणखी एक तपासणी आवश्यक आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली होती, हे वाचकांना आठवत असेल. अशा पाण्यात बुडालेली वाहने पुढे धुऊन-पुसून बाजारात येऊ शकतात. हेडलाइटच्या आत साचलेला गाळ, वायरच्या जोडांवरचा हिरवा गंज आणि दुधाळ दिसणारे इंजिन ऑइल ही त्याची लक्षणे आहेत.

गाडी विकणाऱ्या बंधूंनाही सांगणे आहे. मालातला ऐब सांगून विकावा, ही आपल्या तिजारतीची जुनी शिकवण आहे. ती कापडाला लागू आहे, तशी मोटारसायकललाही लागू आहे.

नाव बदलल्याशिवाय सौदा अपुरा

पुष्कळदा असे होते की विकणारा कोऱ्या फॉर्मवर सही करून देतो, घेणारा तो फॉर्म गल्ल्यात ठेवतो आणि वर्षे निघून जातात. मध्येच गाडी तिसऱ्याला विकली जाते आणि आरसी बुकावर पहिलेच नाव राहते. यात घेणारा आणि विकणारा दोघेही अडकतात.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आहेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवून घ्यावा. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून पाहावा. बाकी राहिलेले ई-चलान सौद्याआधीच भरून घ्यावे. गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च किमतीतून वजा धरावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची केली आहे. ती बसवलेली आहे का, तेही विचारावे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले की आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती आणि अपघात शेवटच्या माणसाच्या ताब्यात असताना घडला. तरीही नुकसानभरपाईची जबाबदारी दप्तरातल्या पहिल्या मालकावर आली. अपघातग्रस्ताने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे हे न्यायालयाला मान्य झाले नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून ज्यांनी जुनी गाडी विकली आहे, त्यांनी तिच्यावर अजून कोणाचे नाव आहे ते आजच पाहून घ्यावे.

विमा : दुकान वाचवणारा कागद

तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु दंडाची रक्कम ही किरकोळ गोष्ट आहे. विमा नसताना आपल्या गाडीखाली कोणी सापडला, तर लाखांची भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. अशा एका दाव्यात वर्षानुवर्षे उभे केलेले दुकान जाऊ शकते.

तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते असे कायदा मानतो. पण चोरीची किंवा मोडतोडीची भरपाई मागायची असेल तर पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. गाडीचालक मालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही घ्यावे. घरातील कमावता एकच असेल तर ते टाळू नये.

पहिल्या महिन्यातील कामे

विकणारा काहीही सांगो, इंजिन ऑइल लगेच बदलावे. ते मोटारसायकलचेच घ्यावे, कारण बहुतेक मोटारसायकलींत क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि चारचाकीचे ऑइल घातल्यास तो घसरू शकतो. त्याच वेळी हवा फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक शू, क्लच आणि ब्रेकच्या केबल तपासून घ्याव्या. चेन रॉकेलने पुसून तिला गिअर ऑइल लावावे. चेन बदलायची वेळ आली तर दोन्ही चक्रांसह पूर्ण संच बदलावा. जुन्या झिजलेल्या दातांवर नवी चेन टिकत नाही.

शक्यतो एकच मिस्त्री धरावा. त्याला गाडीचा इतिहास माहीत राहतो आणि आपल्यालाही त्याच्या कामाची जबाबदारी कोणाची ते कळते.

पावसाळा, घाट आणि ओझे

आपल्याकडचा पाऊस गाडीची खरी परीक्षा घेतो. पावसात चेन दर आठवड्याला साफ करून ऑइल लावावे. ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेले तर तो पकडत नाही. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबून तो सुकवावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नये. जुन्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी भेगाळली आहे का, तेही पाहत राहावे.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. खोपोलीकडून वर जाणाऱ्यांना जुना घाट आहे. तिथून उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची काहींना सवय असते. ती जिवावर बेतू शकते. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर पकड सोडतो. खालचा गिअर टाकून इंजिनच्या जोरावर गाडी आवरावी. नेरळ-माथेरान रस्त्यालाही हेच लागू आहे. तिथे दस्तुरीपुढे आपली गाडी नेता येत नाही, म्हणून पुढील वाहतुकीचा खर्च मालाच्या भावात आधीच धरावा.

कापडाची गाठ मागे बांधली की पुढचे चाक हलके होते, हँडल डुगडुगते आणि ब्रेक उशिरा लागतो. गाठ सीटला लागून, मधोमध आणि खाली बांधावी. मागच्या टायरमध्ये हवा किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. ओले कापड फार जड होते, म्हणून पावसात गाठ आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळावी. दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत नेऊन जे पेट्रोल वाचते, ते चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि शॉकअपमध्ये निघून जाते.

वहीत एक पान गाडीचे

ज्यांचा उधारीचा हिशेब पैशापर्यंत चोख असतो, त्यांना गाडीने महिन्यात किती खाल्ले ते सांगता येत नाही. वहीत एक पान गाडीच्या नावाने उघडावे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, दुरुस्ती आणि विमा व पीयूसी संपण्याची तारीख त्यात लिहावी. सहा महिन्यांनी ते पान सांगेल की गाडी कमवून देते आहे की खाते आहे. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला तर गाडी विकण्याची वेळ कोणती, हेही तेच पान दाखवील. आणि विकताना हेच पान घेणाऱ्यापुढे ठेवले तर भावात घासाघीस कमी होईल व आपला शब्द राहील.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो दुसऱ्याच्या नावावर, विम्याशिवाय आणि घासलेल्या टायरवर ती रस्त्यावर आणण्यात. आपल्या पाठीमागे घर आहे आणि रस्त्यावर चालणाऱ्या परक्या माणसाच्याही पाठीमागे घर आहे. तेव्हा ज्या बंधूंच्या गल्ल्यात सही केलेला फॉर्म तसाच पडून आहे, त्यांनी या आठवड्यात एक दिवस दुकान उशिरा उघडावे, पण आरटीओचे काम आधी उरकावे.