ज्या दुःखाच्या समाचाराला कोणी येत नाही

घरात कोणी गेले म्हणजे आपल्याकडे त्या दुःखाला एक वाट करून दिलेली असते. शेजारीपाजारी जमतात, त्या घरची चूल पेटत नाही म्हणून पिठले-भात आणून देतात. दहावा होतो, तेरावा होतो. लांबचे सोयरे मिळेल त्या एस.टी.ने समाचाराला येतात. तू का रडतोस, असे शोक करणाऱ्याला कोणी विचारीत नाही. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाचे मन ज्या मुलीत गुंतले, ती वार्षिक परीक्षा संपताच गाव सोडून गेली, तर त्या मुलाच्या समाचाराला कोण जाते? कोणीही नाही. घरच्यांना कळलेच तर ते हसतात, नाहीतर रागावतात. आणि बहुधा त्यांना कळतच नाही.

पहिले प्रेम, पहिला वियोग आणि पहिला शोक यांविषयीच्या कादंबऱ्या किशोरवयीन मुलांनी वाचाव्यात काय, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. आमचे उत्तर थोडक्यात असे आहे की, ज्या दुःखाला समाजाने रीत दिलेली नाही, त्याला रीत देण्याचे काम चांगली कादंबरी करते. ती त्या मुलाच्या समाचाराला येते. हे म्हणणे नुसते सांगून पटणार नाही. म्हणून आपल्याच भाषेतील एक कादंबरी घेऊन ते तपासून पाहू.

ती कादंबरी म्हणजे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील काळ १९७५ च्या आणीबाणीचा आहे आणि सांगणारा आहे नववीतला मुकुंद जोशी. त्याच्या वर्गात शिरोडकर नावाची मुलगी आहे. सबंध कादंबरीत तो तिला आडनावानेच ओळखतो, आणि ज्यांनी त्या काळी शाळा पाहिली आहे त्यांना या एका गोष्टीतच सारे काही कळेल. मुलगा आणि मुलगी एका वर्गात बसत. पण एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारण्याइतकी मोकळीक त्यांना नव्हती. सुऱ्या, चित्रे, फावड्या ही मुकुंदाची टोळी एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमते आणि तेथे जगातल्या सर्व विषयांचा निकाल लावते.

या कादंबरीत घडते तरी काय? मोठे असे काहीच नाही. कोणी पळून जात नाही, कोणी विष घेत नाही. मुलगा वाट पाहतो. ती कोणत्या रस्त्याने येते-जाते हे तो पाठ करतो. दोन वाक्ये बोलायला मिळाली तर ती आठवडाभर पुरवतो. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते, सवंगड्यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि मुकुंदापुढे दहावीचे वर्ष येऊन उभे राहते. एवढेच. तरी पुस्तक मिटताना वाचकाच्या घशाशी आवंढा येतो, मग तो वाचक सोळा वर्षांचा असो की साठ वर्षांचा. त्याचे कारण असे की, लेखक त्या मुलाला कोठेही हसलेला नाही आणि कोठेही त्याच्यासाठी गहिवरलेला नाही. मुलाचे बोलणे मुलाच्याच भाषेत, त्याच्या चेष्टेसकट आणि शिव्यांसकट त्याने येऊ दिले. मुकुंदाला नरूमामा नावाचा मामा आहे. या विषयावर त्याच्याशी सरळ बोलणारा मोठा माणूस तोच. असा एक मामा प्रत्येक मुलाला लाभता, तर आमच्या या लेखाची गरजच उरली नसती. या कादंबरीवर सुजय डहाके यांनी चित्रपट केला. मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यामुळे ज्यांनी पुस्तक वाचले नव्हते, त्यांच्यापर्यंतही ही गोष्ट पोहोचली.

आता कोणी म्हणेल, शोकाची पुस्तके मराठीत पूर्वी नव्हती काय? होती, आणि थोर होती. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ साली छापली गेली. तिच्यावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आईसाठी रडण्याची परवानगी या पुस्तकाने महाराष्ट्रातील मुलग्यांना दिली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. पण आईच्या मरणाचा शोक हा सर्वांना मान्य असलेला शोक आहे. त्याच्या पुढचे पाऊल भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने १९६३ साली टाकले. पांडुरंग सांगवीकर पुण्यात कॉलेजात शिकतो आणि इकडे त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. तरुण माणसाचा शोक नेहमी आसवांच्या रूपाने येत नाही. तो रागाच्या, तिरकसपणाच्या, घरच्यांवरील संतापाच्या रूपाने येतो, हे मराठी वाचकाने तेथे पाहिले. अमेरिकेत सॅलिंजर यांच्या १९५१ सालच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीतला होल्डन धाकटा भाऊ गेल्यावर गॅरेजच्या काचा मुठीने फोडतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो केवळ दंगेखोर पोरगा वाटेल. कादंबरी आपल्याला आतून पाहायला लावते, म्हणून तो दंगा म्हणजे शोक आहे हे कळते.

प्रेम आणि शोक हे या वयात हातात हात घालूनच येतात. तुर्गेनेव्ह या रशियन लेखकाने १८६० साली ‘पहिले प्रेम’ या नावाचीच एक छोटी कादंबरी लिहिली. तिच्यातील सोळा वर्षांच्या मुलाला उमगते, की आपण जिच्यावर जीव टाकतो ती मुलगी आपल्या वडिलांवर प्रेम करते. पुढे वडील जातात, काही वर्षांनी तीही जाते, आणि तारुण्य म्हणजे काय याचा अर्थ त्याला दोन मृत्यूंनंतर लागतो. भाषा वेगळी, देश वेगळा, पण दुःख तेच.

या दुःखाला शास्त्रानेही अलीकडे नाव दिले आहे. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली समाजमान्यता नसलेल्या शोकाची कल्पना विस्ताराने मांडली. काही नुकसान असे असते की ते झाले हे उघडपणे सांगता येत नाही, त्यासाठी रडता येत नाही आणि त्याबद्दल सांत्वन मागता येत नाही. असा शोक दडपला गेल्यामुळे अधिक जड होतो. किशोराच्या पहिल्या प्रेमभंगाला हे वर्णन किती चपखल बसते, हे निराळे सांगावयास नको.

या विषयाची आपल्या गावाला विशेष गरज आहे, असे आम्हाला वाटते. आपल्या खेड तालुक्यातच चाकणची औद्योगिक वसाहत वाढली. मराठवाडा-विदर्भातून आणि पार बिहार-उत्तर प्रदेशातून कुटुंबे येथे येतात, भाड्याच्या खोलीत राहतात, मुलांची नावे शाळेत घालतात. वडिलांचे कंत्राट संपले की बिऱ्हाड हलते. मुख्याध्यापकांच्या दृष्टीने तो शाळा सोडल्याचा एक दाखला असतो. पण मागच्या बाकावरील कोणा मुलाच्या किंवा मुलीच्या दृष्टीने ते सबंध वर्ष ओस पडलेले असते. ‘शाळा’तल्या मुकुंदावर जो प्रसंग आला, तो येथे दर उन्हाळ्यात कोणावर ना कोणावर येत असणार.

मग अशी पुस्तके वाचून मुले बिघडतील, या भीतीचे काय? ही भीती आजची नाही. गटे यांची ‘तरुण वेर्थर’ ही कादंबरी १७७४ साली निघाली. प्रेमात निराश झालेला तिचा नायक स्वतःवर गोळी झाडतो. पुढच्याच वर्षी लाइपझिग शहराने त्या पुस्तकावर बंदी घातली. ही भीती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मरणाने प्रेमाला थोरवी येते, असे शिकवणारी गोष्ट कोवळ्या मनाला अपाय करू शकते. मग ती पुस्तकात असो की पडद्यावर. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष ‘वाचू नका’ हा नव्हे. ‘चांगले निवडा’ हा आहे. ‘शाळा’ची खरी थोरवी येथेच आहे. तिचा नायक मरत नाही. तो दुःख बरोबर घेऊन पुढच्या वर्गात जातो. मन मोडले तरी माणूस चालत राहतो, हे उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता ती कादंबरी सांगते. आणि ज्या मुलाला त्या घडीला जगणे नकोसे झाले असेल, त्याला याहून मोलाचे दुसरे काय सांगायचे?

‘पोरवयातले खूळ, दोन दिवसांत जाईल’ असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही आपल्या गावाच्या नावाची आठवण करून देतो. शिवराम हरी राजगुरू येथे १९०८ साली जन्मले आणि २३ मार्च १९३१ रोजी फासावर गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. ज्या गावाने बावीस वर्षांच्या तरुणाचे नाव अभिमानाने धारण केले आहे, त्या गावाने तरुण मनातील भावना म्हणजे पोरखेळ, असे म्हणू नये. देशावरचे प्रेम आणि वर्गातल्या मुलीवरचे प्रेम एक नव्हेत, हे उघड आहे. पण उत्कटतेने जीव लावण्याची शक्ती ज्या वयात माणसात उगवते, ते वय एकच आहे.

तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना आमची विनंती एवढीच. अशी पुस्तके घरात आणि शाळेच्या कपाटात असू द्या, आणि कपाटाला कुलूप असू देऊ नका. मुलाने पुस्तक हाती घेतले म्हणून ‘कोण रे ती?’ असे विचारू नका. तो जेवला नाही तर ताट वाढून ठेवा. बोलू लागला तर हातातले काम बाजूला ठेवून ऐका. आणि शक्य असेल तर ते पुस्तक त्याच्या आधी स्वतः वाचा. समाचाराला गेलेला शहाणा माणूस फार बोलत नाही. तो थोडा वेळ जवळ बसतो.