काळाची गाडी मागे फिरेल का?

छत्रपती संभाजीनगर शहरात मुकुंदवाडी नावाची वस्ती आहे. तेथे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. या स्थानकावरून एका दिशेला जालना लागते, तर दुसऱ्या दिशेला मनमाड. सकाळी जालन्याला गेलेला माणूस संध्याकाळी घरी परत येऊ शकतो. पण कालच्या दिवसात मात्र त्याला परत जाता येत नाही. परीक्षेत राहून गेलेला प्रश्न पुन्हा सोडवावा, हयात नसलेल्या आजीला एकदा भेटावे, असे कोणाला वाटत नाही? मुलांनो, काळात असा प्रवास करणे कधी शक्य होईल का?

एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 1895 साली काळयंत्रावर कादंबरी लिहिली. ती केवळ कल्पना होती. पुढे 1905 साली आईन्स्टाईन या शास्त्रज्ञाने एक नवल सांगितले. सर्वांचा काळ सारख्या गतीने पुढे सरकत नाही. जी वस्तू फार वेगाने जाते, तिचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा सावकाश चालते. आगगाडीच्या वेगाने हा फरक जाणवतही नाही. प्रकाश एका सेकंदात सुमारे 3 लाख किलोमीटर जातो. त्या वेगाच्या जवळ गेल्यावरच फरक मोठा होतो.

हे खरे कशावरून? तुमचा तळहात आकाशाकडे धरा. दर सेकंदाला साधारण एक अतिसूक्ष्म कण त्यातून आरपार जातो. त्याला म्यूऑन म्हणतात. हे कण सुमारे 15 किलोमीटर उंचीवर तयार होतात. त्यांचे आयुष्य फार थोडे असते. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील सुमारे दोनच भाग! एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा एक किलोमीटर जाऊ शकत नाही. मग हे कण आपल्या हातापर्यंत पोहोचतात कसे? वेगामुळे त्यांचे घड्याळ मंद चालते, म्हणून आपल्या दृष्टीने त्यांचे आयुष्य वाढते. मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांनी 1938 साली असे काही घडेल, हे सुचवले होते. ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेत उंच डोंगरावर व खाली डेन्व्हर शहरात या कणांची मोजणी केली. त्यांचा 1941 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष भाभांच्या म्हणण्याशी जुळला.

माणसालाही हाच नियम लागू आहे. अंतराळस्थानकात सहा महिने राहिलेला अंतराळवीर पृथ्वीवर उतरतो, तेव्हा त्याचे वय आपल्यापेक्षा सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे पाच भागांनी कमी वाढलेले असते. म्हणजे तो तेवढाच भविष्यात आलेला असतो. भविष्याकडचा प्रवास असा खरोखर घडतो, पण तो अगदी चिमुकला असतो.

मागे जाणे मात्र फार कठीण आहे. समजा, कोणी भूतकाळात जाऊन आपल्या आजोबांचे लग्नच मोडले, तर तो स्वतः जन्माला येणार कसा? आणि जन्मलाच नाही, तर लग्न मोडायला जाणार कोण? आईन्स्टाईनच्या गणितात मागे जाणारी वाट निघू शकते, असे कुर्ट गोडेल यांनी 1949 साली दाखवले. पण त्यांनी कल्पिलेले विश्व स्वतःभोवती फिरणारे होते. आपले विश्व तसे असल्याचे आढळलेले नाही. प्रत्यक्षात कोणी भूतकाळात गेल्याचा एकही पुरावा नाही.

तरीही भूतकाळ पाहता येतो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे 8 मिनिटे लागतात. हिवाळ्यात रात्री आकाशात व्याध हा तेजस्वी तारा दिसतो. त्याचा प्रकाश येथे पोहोचायला साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागतो. आज रात्री तुम्हांला दिसणारा व्याध हा तुमच्या लहानपणीचा व्याध असतो! देवयानी दीर्घिकेचा प्रकाश तर सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.

म्हणजे गेलेला काळ आपण पाहू शकतो, पण बदलू शकत नाही. आपल्या माहितीप्रमाणे काळाची गाडी एकाच दिशेने धावते. तिच्यातून पुढे जाताना हाती असलेली वेळ कशी वापरायची, हे मात्र आपण ठरवू शकतो.