जात्यावर बसलं की ओवी का सुचते?

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण वापरतो ती कामाला हात घातला की पुढचं आपोआप जमतं, असं सांगायला. पण ती शब्दशः घेतली तरी खरी ठरते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या पुण्यातल्या समाजशास्त्रज्ञ जोडीने १९८०च्या दशकात महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावांतून जमलेल्या या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. रचणाऱ्या बहुतेकजणी शाळेची पायरी न चढलेल्या. पहाटे अंधारात उठायचं, घरच्यांच्या भाकरीपुरतं पीठ पाडायचं आणि मग दिवसाच्या बाकीच्या कामांना लागायचं, हा त्यांचा रोजचा नेम.

एवढ्या कष्टात कविता सुचावी कशी?

मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पाठलाग केला तो जात्यापासून बऱ्याच दूर. बेंजामिन बेर्ड, जोनाथन स्कूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये १४५ जणांना वीट किंवा तत्सम साध्या वस्तूचे जमतील तितके वेगळे उपयोग सुचवायला सांगितले. मग काहींना १२ मिनिटांची मधली सुट्टी दिली. त्यातल्या एका गटाला डोकं लावावं लागेल असं काम दिलं, दुसऱ्याला अगदी सोपं, तिसऱ्याला नुसतं बसवलं. चौथ्या गटाला सुट्टीच नव्हती. नंतर तीच वस्तू पुन्हा समोर आल्यावर सोपं काम करणाऱ्यांच्या कल्पना सरासरी सुमारे ४१ टक्क्यांनी सुधारल्या. बाकीचे होते तिथेच राहिले, अगदी विश्रांती घेणारेसुद्धा!

निष्कर्ष इतका गोड होता की तो जगभर पसरला. गोड निष्कर्षांबाबत विज्ञानाने संशयी असावं आणि इथे ते तसं राहिलं. इतर संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा निकाल जुळला नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातले झॅकरी आयर्विंग यांना वाटलं, गफलत कामाच्या निवडीत असावी. पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत बटण दाबणं हे ‘सोपं’ काम आहे खरं, पण आंघोळ करताना किंवा फिरताना मनाची जी अवस्था असते, ती त्यात कुठे येते? म्हणून २०२२च्या त्यांच्या प्रयोगात मधल्या वेळेत काहींना कपड्यांच्या घड्या घालणारी दोन माणसं दाखवली, तर काहींना ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ या चित्रपटातला गाजलेला प्रसंग. थोडं गुंतवून ठेवणारा हा प्रसंग पाहताना ज्यांचं मन भरकटलं, त्यांना जास्त कल्पना सुचल्या. घड्या पाहणाऱ्यांचं मन भरकटून काही हाती लागलं नाही. (स्वतः घड्या घालणं आणि दुसऱ्याला घालताना बघणं यात फरक आहे, हे कोणत्याही घरात विचारलं तरी कळेल.)

म्हणजे काम फार कठीणही नको आणि अगदी रटाळही नको. मनाला एक खुंटा हवा, पण दोर लांब हवा.

हा दोर लांब होतो तो सवयीमुळे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना ‘टी’ आकाराच्या बोळात चॉकलेट शोधायला सोडलं. सुरुवातीला त्यांच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या भागातल्या पेशी वाटभर कामात असत. वाट अंगवळणी पडली, तशा त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी जागू लागल्या. मधला रस्ता जणू एकच गाठोडं झाला. लक्ष असं मोकळं झालं तरी मेंदू निवांत बसत नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव सुमारे २० टक्के ऊर्जा खातो आणि कठीण कामाला जुंपला तरी ही भूक फारशी वाढत नाही. मेंदूचे अभ्यासक मार्कस रेशल यांनी २००१मध्ये मांडलं की आपण काही विशेष करत नसताना मेंदूचे ठरावीक भाग उलट अधिक सक्रिय असतात. आठवणी, माणसं, उद्याची चिंता यांची उलाढाल तिथे चालू असते.

हाताच्या कामात मन शांत होतं असंही म्हणतात, पण या भटकण्यात शांती कुठे आली? हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१०मध्ये २,२५० जणांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं, तेव्हा ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं आणि अशा वेळी माणसं कमी आनंदी होती. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात २०१५मध्ये ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासायला लावलं गेलं. साबणाचा वास, पाण्याची ऊब, भांड्याचा स्पर्श यांकडे लक्ष देणाऱ्यांची अस्वस्थता २७ टक्क्यांनी कमी झाली. तेव्हा एकाच मोरीत दोन वेगळ्या गोष्टी मिळतात असं दिसतं: लक्ष भांड्यावर ठेवलं तर निवांतपणा, भटकू दिलं तर कल्पना. अर्थात ५१ ही संख्या लहान आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये.

ओवीने मात्र दोन्ही साधलं असावं. मूठमूठ दाणे वैरायचे आणि खुंटा एका लयीत फिरवायचा. या लयीने देह जागेवर राहतो आणि मन माहेरी, भावाकडे, पंढरपूरला जाऊन येतं. म्हणून जातं परत आणावं, असं कुणी सुचवू नये. खांदे भरून येणारं ते काम होतं आणि गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, तर त्यात नवल नाही. आज मधल्या मोकळ्या जागा मात्र मोबाइलने भरल्या आहेत. भाजी निवडतानाही कानात काहीतरी वाजत असतं.

आज रात्री भांडी घासताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहा आणि काही सुचलं तर हात पुसून लगेच लिहून ठेवा. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं; घरात-शेतात राबताना त्यांना सुचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने टिपून ठेवली, म्हणून १९५२मध्ये ती छापता आली.